विश्लेषण : प्रक्षेपणातच यान बिघडलं तर? राकेश शर्मांच्या शेजारी बसलेल्या गेनादी स्त्रेकालोव्ह यांची गोष्ट

नाशिक : राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ रोजी सोयूझ टी-११ यानातून अंतराळात गेले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. इंदिरा गांधींच्या प्रश्नाला त्यांनी वरून दिलेलं उत्तर तर शाळकरी मुलांनाही पाठ असतं. नाशिककरांचा शर्मांवर जरा जास्तच हक्क आहे. हवाई दलातून बाहेर पडल्यावर १९८७ ते १९९२ या काळात ते ओझरच्या एचएएलमध्ये मुख्य चाचणी वैमानिक होते. पण त्या यानात त्यांच्यासोबत आणखी दोघे होते आणि त्यांची नावं आपल्याकडे क्वचितच घेतली जातात. कमांडर युरी मालिशेव्ह आणि फ्लाइट इंजिनीअर गेनादी स्त्रेकालोव्ह.

यातल्या स्त्रेकालोव्ह यांचं आधीचं वर्ष कसं गेलं होतं, ते पाहा. एप्रिल १९८३ मध्ये ते ज्या यानातून गेले, त्याचा एक महत्त्वाचा भाग वर जातानाच तुटला. सप्टेंबर १९८३ मध्ये ते ज्या रॉकेटवर बसले होते, ते उड्डाणाआधीच लाँच पॅडवर पेटलं. आणि त्यानंतर जेमतेम सहा महिन्यांनी हा माणूस पुन्हा तसंच रॉकेट, तसंच यान घेऊन शर्मांच्या सोबत निघाला.

भारत आता गगनयानातून स्वतःच्या रॉकेटवर माणूस पाठवायची तयारी करतोय. त्यामुळे रॉकेट उडताना काही बिघडलं तर आत बसलेल्यांकडे कोणते पर्याय असतात, हा प्रश्न आता आपलाही आहे. त्याचं उत्तर समजून घ्यायला स्त्रेकालोव्ह यांच्या आयुष्याइतकं चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

तांबटकाम शिकलेला मुलगा

स्त्रेकालोव्ह यांचा जन्म २६ ऑक्टोबर १९४० चा, मॉस्कोजवळच्या मितिश्ची गावातला. शाळा संपल्यावर ते कारखान्यात शिकाऊ कामगार म्हणून लागले. काम होतं तांबटाचं. नाशिकच्या भांडी बाजारात वाढलेल्यांना हे काम वेगळं समजावून सांगायला नको. फरक इतकाच की, हा कारखाना घागरी-परातींचा नव्हता. सर्गेई कोरोल्योव्ह यांच्या रॉकेट संस्थेचा होता आणि पहिला स्पुटनिक उपग्रह तिथलाच.

पुढे मॉस्कोच्या नामांकित बाउमन तंत्रशिक्षण संस्थेतून ते १९६५ मध्ये इंजिनीअर झाले आणि त्याच रॉकेट संस्थेत परतले. १९७३ मध्ये अंतराळवीर म्हणून निवड झाली. म्हणजे स्त्रेकालोव्ह लढाऊ वैमानिक नव्हते. कारखान्यातून वर आलेले इंजिनीअर होते. सोयूझच्या रचनेत कमांडरची खुर्ची बहुधा हवाई दलाच्या माणसाकडे आणि शेजारची फ्लाइट इंजिनीअरची खुर्ची अशा कारखान्यातल्या माणसाकडे असे. यान बिघडलं की सगळ्यांचे डोळे या दुसऱ्या खुर्चीकडे वळतात.

पहिल्या उड्डाणासाठी सात वर्षं थांबावं लागलं. २७ नोव्हेंबर १९८० ला सोयूझ टी-३ मधून ते सॅल्यूत-६ स्थानकावर गेले. काम दुरुस्तीचंच होतं, स्थानकाच्या तापमान नियंत्रण यंत्रणेचं. सोबत कमांडर लिओनिद किझिम आणि ओलेग मकारोव्ह. या मकारोव्ह यांची ओळख इथेच करून द्यायला हवी. प्रक्षेपणात बिघाड झाला तर काय होतं, याचा अनुभव तोवर जगात दोनच माणसांना होता आणि त्यांतले एक स्त्रेकालोव्ह यांच्या शेजारी बसले होते.

५ एप्रिल १९७५. मकारोव्ह आणि वासिली लाझारेव्ह यांचं रॉकेट सुमारे १४५ किलोमीटर उंचीवर पोहोचलं होतं. रिकामा झालेला खालचा टप्पा गळून पडायला हवा होता, तो पूर्ण सुटलाच नाही. लोंबकळत्या टप्प्यासह वरचं इंजिन पेटलं आणि रॉकेट भरकटलं. यंत्रणेने यान रॉकेटपासून तोडलं. कक्षेत जाण्याइतका वेग नव्हता, त्यामुळे कुपी दगडासारखी खाली आली. दोघांवर २० जीपेक्षा जास्त भार आला. एक जी म्हणजे आपलं रोजचं वजन. २० जी म्हणजे ७० किलोच्या माणसाला आपण १,४०० किलोचे झालो असं वाटणं. कुपी अल्ताई पर्वतात बर्फाच्या उतारावर पडली आणि कड्याकडे घसरू लागली. पॅराशूट झाडोऱ्यात अडकलं म्हणून थांबली. दोघेही वाचले. मकारोव्ह पुन्हा उडाले, दोनदा.

टी-८ : अँटेना तुटला, मग?

२० एप्रिल १९८३. कमांडर व्लादिमिर तितोव्ह, स्त्रेकालोव्ह आणि अलेक्सांद्र सेरेब्रोव्ह सोयूझ टी-८ मधून सॅल्यूत-७ कडे निघाले. रॉकेटने काम चोख केलं. यान कक्षेत पोहोचलं. पण डॉकिंगसाठी लागणाऱ्या रडारचा अँटेना काही उघडेना.

प्रक्षेपणाच्या वेळी सोयूझवर एक कवच असतं. हवेच्या घर्षणापासून ते यानाला जपतं आणि विरळ हवेत पोहोचल्यावर गळून पडतं. टी-८ चं कवच गळताना अँटेनाही सोबत घेऊन गेलं होतं. अर्थात हे नंतर कळलं. त्या वेळी जमिनीवरच्यांना आणि वरच्यांना वाटत होतं की तो अर्धवट उघडून अडकला असावा. म्हणून पहिला उपाय केला तो अगदी आपल्या घरगुती पद्धतीचा. यानाचे छोटे थ्रस्टर चालवून यान हलवलं, झटके दिले. रिमोट चालेना की तळहातावर आपटतो, तसं. काही उपयोग झाला नाही. जो भाग जागेवरच नव्हता, तो हलवून उघडणार कुठून?

दुसरा पर्याय, रडारशिवाय डॉकिंग. ते का अवघड, ते समजून घेऊ. दोन्ही यानं ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेगाने पृथ्वीभोवती फिरत असतात. या वेगाची चिंता नसते, कारण दोघांचाही तोच असतो. चिंता असते ती दोघांमधल्या अंतराची आणि ते किती वेगाने कमी होतंय याची. हे दोन आकडे रडार देतं. ते नसेल तर कमांडरला समोरच्या स्थानकाचा आकार किती वेगाने मोठा होतोय, यावरूनच अंदाज बांधायचा. रात्री कसारा घाटात स्पीडोमीटर बंद पडलेली गाडी चालवताय आणि पुढच्या ट्रकपासूनचं अंतर फक्त त्याच्या मागच्या लाल दिव्यांवरून ठरवायचंय, अशी कल्पना करा. वर अंतराळात ब्रेक नावाची वस्तू नाही. वेग कमी करायचा तरी इंजिनच चालवावं लागतं आणि इंधन मोजकं.

तरीही त्यांनी प्रयत्न केला. जमिनीवरून मिळणाऱ्या मोजमापांच्या आधारे यान स्थानकापासून काहीशे मीटरवर आलं. तेवढ्यात अंधार झाला. कक्षेत दर ४५ मिनिटांनी दिवस-रात्र बदलतात, त्यामुळे हे अपेक्षितच होतं. प्रकाशझोत टाकून तितोव्ह पुढे सरकत राहिले. पण आपण फार वेगात आहोत, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी यान बाजूला काढलं. धडक झाली असती तर यान आणि रिकामं स्थानक, दोन्ही गेली असती.

नंतर पुन्हा प्रयत्न करण्याइतकं इंधन उरलं नव्हतं. परतीपुरतं होतं. तिसरा पर्याय तोच, घरी येणं. २२ एप्रिलला तिघे सुखरूप उतरले. मोहीम जेमतेम दोन दिवस चालली.

अनेक ठिकाणी या मोहिमेची नोंद फसलेली मोहीम अशीच आढळते. ती मला थोडी अन्यायाची वाटते. तिथे हुकमी पर्याय एकच होता आणि तो संपायच्या आत त्यांनी वापरला. डॉकिंगच्या नादात परतीचं इंधन जाळलं असतं, तर आज गोष्ट वेगळी असती.

वरच दुरुस्ती का नाही केली?

कधी कधी करता येते. चाळिशी-पन्नाशी पार केलेल्यांच्या घरात स्कायलॅबचा किस्सा हमखास असतो. १९७९ मध्ये हे अमेरिकी स्थानक डोक्यावर पडणार म्हणून महाराष्ट्रातही घबराट होती. ते ११ जुलैला हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात कोसळलं. पण स्कायलॅबची खरी रंजक गोष्ट त्याच्या पडण्याची नाही, चढण्याची आहे. १४ मे १९७३ ला वर जाताना त्याचं उष्णतारोधक आवरण फाटलं, एक सौरपंख उखडून गेला आणि दुसरा मोडक्या पट्टीत अडकला. स्थानक आतून भट्टीसारखं तापलं. सुदैवाने आत कोणी नव्हतं. अंतराळवीरांचं उड्डाण दहा दिवस पुढे ढकललं. तेवढ्यात इंजिनीअरांनी चक्क एक छत्री बनवली. पीट कॉनरॅड आणि सहकाऱ्यांनी ती छोट्या झडपेतून बाहेर ढकलून उघडली, सावली पडली, तापमान उतरलं. मग बाहेर जाऊन अडकलेला सौरपंखही मोकळा केला.

इथे हाताशी दहा दिवस होते, खाली कार्यशाळा होती आणि काय मोडलंय ते कळलेलं होतं. टी-८ मध्ये यातलं एकही नव्हतं.

लाँच पॅडवरची आग

आता २६ सप्टेंबर १९८३. ठिकाण बैकानूर, वेळ रात्रीची. ज्या मंचावरून १९६१ मध्ये युरी गागारिन उडाले, त्याच मंचावर सोयूझ उभं होतं. आत तितोव्ह आणि स्त्रेकालोव्ह, पुन्हा तीच जोडी. स्थानकावर व्लादिमिर ल्याखोव्ह आणि अलेक्सांद्र अलेक्सांद्रोव्ह त्यांची वाट बघत होते. स्थानकाला वीज कमी पडत होती आणि जादा सौरपंख बसवायचं प्रशिक्षण या जोडीने घेतलं होतं.

उड्डाणाला सुमारे दीड मिनिट असताना इंधनाच्या नळीतला एक व्हॉल्व्ह बंद झाला नाही. इंधन रॉकेटच्या तळाशी सांडलं आणि पेटलं. वर सुमारे ३०० टनांचं रॉकेट, त्यातला बहुतेक भाग केरोसीन आणि द्रवरूप ऑक्सिजन. आत बसलेल्यांना बाहेरचं काही दिसत नव्हतं, कारण खिडक्या कवचाने झाकलेल्या. त्यांना जाणवली ती फक्त थरथर.

अशा प्रसंगासाठी सोयूझच्या टोकावर एक बारीक मनोऱ्यासारखं रॉकेट असतं, एस्केप टॉवर. त्यात घन इंधन भरलेलं असतं. घन इंधन का, तर ते दिवाळीतल्या रॉकेटसारखं असतं. पंप नाही, व्हॉल्व्ह नाही, ठिणगी मिळाली की क्षणात पूर्ण जोर. हे रॉकेट खालच्या मोठ्या रॉकेटपासून अंतराळवीरांसह यानाचा वरचा भाग उपटून काढतं आणि दूर नेतं. मग कुपी सुटी होऊन पॅराशूटने उतरते. ओझरला बनलेल्या मिग आणि सुखोईमध्ये वैमानिकाची खुर्ची बाहेर फेकली जाते. इथे खुर्च्यांसकट अख्खी खोलीच फेकली जाते, असं समजा.

पण त्या रात्री या टॉवरला हुकूम देणाऱ्या तारा आगीत जळून गेल्या. अंतराळवीरांच्या हाती तो चालवायचं बटणच नव्हतं. रचनाच तशी होती. उरला एकच मार्ग, जमिनीवरून रेडिओने हुकूम देणं. त्यासाठी दोन वेगवेगळ्या खोल्यांमध्ये बसलेल्या दोन माणसांनी पाच सेकंदांच्या आत आपापलं बटण दाबायला हवं होतं.

दोन माणसं कशाला, असं कुणालाही वाटेल. आग लागली असताना हा कसला कारभार! पण याची दुसरी बाजू आहे. १४ डिसेंबर १९६६ ला याच बैकानूरवर एका मानवरहित सोयूझचं उड्डाण रद्द झालं होतं. तंत्रज्ञ रॉकेटजवळ परतले आणि अचानक एस्केप टॉवर आपोआप पेटला. त्या आगीत रॉकेट आणि मंच गेला, जीवितहानीही झाली. म्हणजे जीव वाचवणारं यंत्र चुकीच्या वेळी चाललं तर तेच जीव घेतं. नियंत्रण प्रणाली शिकवताना आम्हाला हा पेच रुक्ष आकृत्यांमधून समजावला जायचा. यंत्र फार हळवं ठेवलं तर विनाकारण चालतं, फार निबर ठेवलं तर गरजेला चालत नाही. बैकानूरच्या दोन तारखा शेजारी शेजारी मांडल्या असत्या तर एका तासात समजलं असतं.

दोघांनीही बटणं दाबली. टॉवर पेटला. पाच सेकंद तितोव्ह आणि स्त्रेकालोव्ह यांच्यावर १४ ते १७ जी भार होता. कुपी वर गेली आणि काही सेकंदांतच खाली रॉकेटचा स्फोट झाला. सव्वापाच मिनिटांनी कुपी सुमारे चार किलोमीटरवर उतरली. दोघांना मुका मार बसला होता, बाकी काही नाही. तितोव्ह यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, सुटका झाल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते आतला ध्वनिमुद्रक बंद करण्याचं. कारण दोघेही तोंडभरून शिव्या देत होते. मंच जवळपास २० तास जळत होता.

माणसं बसलेली असताना लाँच पॅडवर एस्केप टॉवर वापरावा लागल्याचं हे एकमेव उदाहरण आहे. सोव्हिएत सरकारने ते तेव्हा लगेच जाहीर केलं नाही. वर थांबलेल्या ल्याखोव्ह आणि अलेक्सांद्रोव्ह यांनी नोव्हेंबरमध्ये स्वतःच बाहेर पडून सौरपंख बसवले आणि २३ नोव्हेंबरला ते परतले.

मग शर्मांसोबत हेच कसे?

मुळात शर्मांच्या यानात फ्लाइट इंजिनीअर म्हणून निकोलाय रुकाविश्निकोव्ह जाणार होते. १९७९ मध्ये यानाचं मुख्य इंजिन बिघडल्यावर राखीव इंजिनावर परत आलेला हा आणखी एक माणूस. ते आजारी पडले आणि त्यांच्या जागी स्त्रेकालोव्ह आले.

राकेश शर्मा आणि त्यांचे राखीव सहकारी रवीश मल्होत्रा १९८२ पासून मॉस्कोजवळच्या स्टार सिटीत प्रशिक्षण घेत होते. म्हणजे मंच पेटला तेव्हा हे दोघे तिथेच होते. बाहेरच्या जगाला काहीही सांगितलं गेलं असो, चाचणी वैमानिकांना रॉकेट म्हणजे काय चीज असते हे कुणी शिकवायची गरज नव्हती.

३ एप्रिल १९८४ चं उड्डाण मात्र सुरळीत झालं. अँटेना उघडला, डॉकिंग झालं. सॅल्यूत-७ वर स्वागताला होते किझिम, स्त्रेकालोव्ह यांच्या पहिल्या उड्डाणातले कमांडर. शर्मांनी वरून भारताची छायाचित्रं घेतली, योगासनांचे प्रयोग केले. ११ एप्रिलला तिघे परतले. एकाच वर्षात दोनदा अर्ध्यावरून फिरावं लागलेल्या स्त्रेकालोव्ह यांना अखेर स्थानकाचं दार दिसलं, ते भारतीय पाहुण्यासोबत. भारत सरकारने तिघांनाही अशोक चक्र दिलं. शांतताकाळातला हा आपला सर्वोच्च शौर्य सन्मान. मालिशेव्ह आणि स्त्रेकालोव्ह हे तो मिळालेले परदेशी नागरिक.

मीर स्थानक आणि एक नकार

यानंतर स्त्रेकालोव्ह दोनदा अंतराळात गेले आणि पहिल्याच वेळी पुन्हा प्रक्षेपणातल्या बिघाडाशी गाठ पडली. या वेळी बिघाड दुसऱ्याच्या यानात होता. फेब्रुवारी १९९० मध्ये अनातोली सोलोव्योव्ह आणि अलेक्सांद्र बालांदिन यांच्या सोयूझ टीएम-९ ची उष्णतारोधक आवरणं वर जाताना सैल झाली. फुलाच्या पाकळ्यांसारखी ती उघडी लोंबत होती. याच यानातून परत यायचं होतं. दोघे मीर स्थानकावर असल्याने श्वास घ्यायला जागा होती, अन्न होतं, वेळ होता. जुलैमध्ये त्यांनी बाहेर पडून आवरणं ठीक केली. पण त्या नादात बाहेर पडायच्या दाराचं बिजागर मोडलं. ऑगस्टमध्ये पोहोचलेल्या गेनादी मानाकोव्ह आणि स्त्रेकालोव्ह यांच्या वाट्याला हे दार आलं. ३० ऑक्टोबरला दोघांनी बाहेर जाऊन पाहिलं, तर बिजागर अंदाजापेक्षा जास्त बिघडलेलं निघालं.

शेवटचं उड्डाण मार्च १९९५ मध्ये, व्लादिमिर देझुरोव्ह आणि नॉर्मन थगार्ड यांच्यासोबत. रशियन रॉकेटवर बसलेले थगार्ड पहिले अमेरिकी. स्त्रेकालोव्ह तेव्हा ५४ वर्षांचे होते. मीरच्या सौरपंखांची हलवाहलव करण्यासाठी त्यांनी आणि देझुरोव्ह यांनी वारंवार बाहेरच्या खेपा केल्या. मग एका अडकलेल्या सौरपंखासाठी आणखी एक, पूर्वतयारी नसलेली खेप करायला सांगण्यात आलं. स्त्रेकालोव्ह यांनी नकार दिला. त्यावरून पुढे दंडाचा वाद उभा राहिला. मंचावर जळत्या रॉकेटमधून वाचून सहा महिन्यांत पुन्हा बसलेल्या माणसाला भित्रा ठरवणं कठीण होतं. टी-८ वेळी यान बाजूला काढणं आणि इथे दारातच थांबणं, माझ्या मते एकाच हिशोबातलं आहे.

जुलै १९९५ मध्ये ते पृथ्वीवर परतले ते सोयूझमधून नाही, अमेरिकेच्या अटलांटिस शटलमधून. पाच उड्डाणांत मिळून सुमारे २६९ दिवस ते अंतराळात होते.

अटलांटिसचं नाव इथे आलंय तर कोलंबियाबद्दल बोलायलाच हवं. १६ जानेवारी २००३ ला कोलंबिया उडालं, त्यात कल्पना चावला होत्या. ८२ व्या सेकंदाला इंधन टाकीवरचा फोमचा तुकडा सुटला आणि डाव्या पंखाच्या कडेवर आदळला. वजन पाऊण किलोच्या आसपास. पण त्या वेगात त्याने पंखाला भोक पाडलं. टी-८ मध्ये उपकरण मुकं झालं, म्हणून बिघाड लगेच कळला. कोलंबियात सगळी उपकरणं ठीक बोलत होती. जमिनीवरच्या कॅमेऱ्यांत धडक दिसली होती. पंखाची छायाचित्रं उपग्रहांकडून मागवावीत, असा आग्रह काही इंजिनीअरांनी धरला, तो वरपर्यंत टिकला नाही. १ फेब्रुवारीला परतताना यान तुटलं, सातही जण गेले.

त्यानंतरच्या चौकशीत पर्याय तपासले गेले. जवळच्या अंतराळ स्थानकावर आसरा घेणं शक्य नव्हतं. कक्षा वेगळी होती आणि तिथवर जाण्याइतकं इंधन नव्हतं. पहिला मार्ग, अटलांटिस. त्याची १ मार्चच्या उड्डाणासाठी तयारी सुरूच होती. दिवसरात्र काम करून ते १० फेब्रुवारीच्या सुमारास उडू शकलं असतं. कोलंबियातली हवा शुद्ध ठेवणारी सामग्री काटकसरीने १५ तारखेपर्यंत पुरली असती. म्हणजे हाती पाच दिवस. दुसरा मार्ग, आतलं धातूचं सामान आणि पाण्याच्या पिशव्या भोकात कोंबून ते गोठवायचं. हा उपाय अगदी बेभरवशाचा. पण दोन्हींसाठी अट एकच होती, पहिल्या काही दिवसांतच भोक कळायला हवं होतं.

आणखी एक खटकणारी बाब. कोलंबियाच्या पहिल्या चार उड्डाणांत दोन अंतराळवीर असत आणि त्यांना लढाऊ विमानासारख्या बाहेर फेकणाऱ्या खुर्च्या होत्या. प्रवासी वाढले तशा त्या आधी निकामी केल्या आणि नंतर काढून टाकल्या. शटलला एस्केप टॉवर तर कधीच नव्हता.

गेनादी स्त्रेकालोव्ह यांचं २५ डिसेंबर २००४ रोजी कर्करोगाने निधन झालं, वयाच्या ६४ व्या वर्षी.

गगनयानात काय सोय आहे?

सोयूझची बचाव यंत्रणा अजून कामाची आहे, हे ११ ऑक्टोबर २०१८ ला पुन्हा दिसलं. उड्डाणानंतर दोन मिनिटांनी बाजूचा बूस्टर नीट सुटला नाही आणि मधल्या भागावर आदळला. टॉवर तोवर टाकून दिलेला होता, पण कवचात बसवलेल्या छोट्या मोटारींनी यान बाजूला खेचलं. अलेक्सेई ओव्चिनिन आणि निक हेग सुखरूप उतरले आणि पाच महिन्यांनी पुन्हा उडाले.

इस्रोने गगनयानासाठी हाच मार्ग धरला आहे. टोकावर घन इंधनाचा एस्केप टॉवर आहे. रॉकेटच्या प्रकृतीवर नजर ठेवणारी संगणक यंत्रणा गडबड ओळखून त्याला हुकूम देऊ शकते. दोन खोल्यांतल्या दोन बटणांची वाट बघायची गरज राहू नये, हा त्यातला हेतू. ५ जुलै २०१८ ला श्रीहरिकोट्यात मंचावरच्या अपघाताची चाचणी झाली, म्हणजे स्त्रेकालोव्ह यांच्यासारख्या प्रसंगाची. कुपी पावणेतीन किलोमीटर उंच गेली आणि २५९ सेकंदांत चाचणी आटोपली.

२१ ऑक्टोबर २०२३ ची चाचणी उडत्या रॉकेटवरून सुटकेची होती. त्या दिवशी सकाळी अनेकांनी मोबाइलवर ते थेट पाहिलं असेल. उड्डाणाला पाच सेकंद असताना संगणकाने मोजणी थांबवली. कारण शोधून दहा वाजता पुन्हा उड्डाण झालं. सुमारे १२ किलोमीटर उंचीवर, आवाजापेक्षा जास्त वेगात, कुपी रॉकेटपासून सुटली आणि पॅराशूटने बंगालच्या उपसागरात उतरली. नौदलाच्या पाणबुड्यांनी ती ताब्यात घेतली, तेव्हा ती पाण्यात उलटी तरंगत होती. माणसं असतील तेव्हा तिला सरळ करणारी यंत्रणा लागणार आहे.

पहिल्या मानवी मोहिमेत गगनयान सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर कमाल तीन दिवस राहील, असं नियोजन आहे. टीएम-९ ला मीरचा आसरा होता, गगनयानाला वर कोणतंही स्थानक नसेल. त्यामुळे कक्षेत पोहोचल्यावर काही तुटल्याचं लक्षात आलं, तर पर्याय टी-८ चाच राहतो. इंधन राखायचं आणि माघारी यायचं.